सेन्सॉरशिपला विरोध करणाऱ्या संस्था नेमके काय करतात? इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनबद्दल दोन शंका

टिपणकार (प्रश्न)

नमस्कार. आमच्या अभ्यासगटापुढे इंटरनेटवरील सेन्सॉरशिप या विषयावर टिपण वाचण्याचे काम माझ्याकडे आले आहे. विषय फार पसरट असल्यामुळे एकाच संस्थेचे काम सुरुवातीपासून पाहावे असे ठरवून मी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ही अमेरिकी संस्था निवडली. जॉन पेरी बार्लो, मिच केपर आणि जॉन गिलमोर यांनी ती १९९० साली स्थापन केली, ही माहिती कुठेही मिळते. पुढे वाचू लागल्यावर मात्र दोन ठिकाणी अडलो.

पहिली शंका परिणामाची आहे. निवेदने, सह्यांच्या मोहिमा, संकेतस्थळांवर लावलेली निळी फीत, एके दिवशी काळी केलेली पाने, हे सगळे ठळकपणे दिसते. पण त्यातून प्रत्यक्षात काय बदलले, हे त्या वर्णनांवरून नीट उमगत नाही. दुसरी शंका भूमिकेची आहे. लहान मुलांचे संरक्षण, मानवी तस्करीला आळा, चाचेगिरीचा (म्हणजे परवानगीशिवाय नकला वाटण्याचा) बंदोबस्त असे उद्देश सांगणाऱ्या कायद्यांनाही ही संस्था विरोध करत आली आहे. उद्देश निर्विवादपणे चांगला असताना विरोध कोणत्या आधारावर होतो? घोषणा पुष्कळ वाचल्या आहेत. मला युक्तिवाद हवा आहे, आणि तो चुकीचा आहे असे कोणाला वाटत असेल तर तेही ऐकायचे आहे.

कायदेवाचक

तुमच्या दोन्ही शंका एकमेकींत गुंतलेल्या आहेत, म्हणून उत्तरही एकत्रच देतो. निळी फीत बाजूला ठेवा आणि न्यायालयातील कामापासून सुरुवात करा, कारण ही संस्था जन्मालाच एका छाप्यातून आली.

१ मार्च १९९० रोजी अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने टेक्सासमधील ऑस्टिन येथील स्टीव्ह जॅक्सन गेम्स या कंपनीवर छापा घातला. ही कंपनी कागदावर, फाशांनी खेळायचे खेळ प्रकाशित करत असे. संशय एका कर्मचाऱ्याशी संबंधित होता, पण जप्ती झाली ती कंपनीच्या संगणकांची, छापायला निघालेल्या पुस्तकाच्या मसुद्याची आणि ग्राहकांसाठी चालवलेल्या बुलेटिन बोर्डाच्या (संदेशांची देवाणघेवाण करण्याच्या संगणकीय फलकाच्या) यंत्राची. त्या यंत्रावर लोकांनी एकमेकांना पाठवलेले आणि अजून न उघडलेले १६२ खाजगी ईमेल होते. कंपनीला जवळपास निम्मे कर्मचारी कमी करावे लागले. या संस्थेच्या पाठबळाने खटला उभा राहिला आणि १९९३ मध्ये न्यायालयाने सीक्रेट सर्व्हिसला दोषी धरून ५०,००० डॉलरहून अधिक भरपाई द्यायला लावली. छापखान्यात शिरून हस्तलिखित उचलणे आणि संगणकातून ते उचलणे यांत कायद्याने फरक करू नये, हा साधा मुद्दा पहिल्यांदा तिथे मान्य झाला. आज तो उघड वाटतो, तेव्हा तो कोणालाच उघड वाटत नव्हता, हे टिपणात आवर्जून लिहा.

आता मुलांच्या संरक्षणाचा प्रश्न. ८ फेब्रुवारी १९९६ रोजी अमेरिकेत दूरसंचार कायद्याचा भाग म्हणून कम्युनिकेशन्स डीसेन्सी ॲक्ट लागू झाला. अल्पवयीनांपर्यंत पोहोचू शकेल असा ‘असभ्य’ किंवा ‘उघडपणे आक्षेपार्ह’ मजकूर इंटरनेटवर ठेवणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरला. निळ्या फितीची मोहीम आणि काळी पाने ही त्या दिवसांतली. त्याच दिवशी नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनने वीस वादींसह खटला दाखल केला आणि इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन त्या वीसांपैकी एक होती. वादींच्या यादीकडे लक्ष द्या: एड्सच्या रुग्णांना उपचारांची माहिती पुरवणारी संस्था तिच्यात होती, आणि तुरुंगातील बलात्काराविरुद्ध काम करणारी संस्थाही होती. पीडितांचे अनुभव मांडायचे तर शरीराबद्दल स्पष्ट शब्दांत बोलावेच लागते, आणि ‘असभ्य’ या शब्दाची व्याख्या कायद्यात नसल्यामुळे हेच लोक आधी गजाआड जाण्याच्या भीतीत होते. विरोधाचा पाया हा होता. मुलांना काहीही दाखवावे, असे कोणी म्हणत नव्हते.

२६ जून १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. निकालपत्र न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांचे आहे आणि ते मुळातून वाचण्यासारखे आहे. मुलांपासून काही मजकूर दूर ठेवण्याच्या नादात प्रौढांना ज्याचा घटनात्मक हक्क आहे असे प्रचंड लेखन-वाचन हा कायदा दाबून टाकतो, हा त्याचा गाभा. त्यातला दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मजकूर ‘समाजाच्या मापदंडाने’ तपासायचा, आणि इंटरनेटवरील मजकूर तर सर्वत्र पोहोचतो. म्हणजे देशातील सर्वांत चटकन दुखावणाऱ्या समूहाचा मापदंड आपोआप सर्वांना लागू होणार. तुम्हाला हवा तो युक्तिवाद इथे सापडेल: उद्देश कितीही योग्य असो, गुन्ह्याची व्याख्या सैल ठेवली की तिचा अर्थ तक्रार करणारा लावतो आणि लिहिणारा स्वतःच्या लेखणीवर आधीच कात्री चालवतो.

याच काळातला डॅनियल बर्नस्टाइन यांचा खटलाही पाहा. बर्कली विद्यापीठात शिकत असताना त्यांनी कूटलेखनाची (मजकूर इतरांना वाचता येणार नाही अशा रूपात बदलण्याची) एक पद्धत लिहिली होती आणि ती प्रसिद्ध करायची तर शस्त्रास्त्रांच्या निर्यातीचा परवाना घ्या, असे सरकारचे म्हणणे होते. संस्थेने १९९५ मध्ये त्यांच्या बाजूने दावा लावला आणि संगणकाचा प्रोग्रॅम हीसुद्धा अभिव्यक्ती आहे, हे तत्त्व १९९६ मध्ये जिल्हा न्यायालयाने व १९९९ मध्ये अपील न्यायालयाने उचलून धरले. निवेदनांनी काय बदलले, या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की निवेदनांनी फारसे नाही, वकिलांनी बरेच.

तारजोडणी

वरील उत्तराशी मी बहुतांश सहमत आहे, पण शेवटच्या वाक्याशी नाही. मी नेटवर्क सांभाळण्याचे काम अनेक वर्षे केले आहे, आणि या संस्थेची मला सर्वाधिक किंमत वाटते ती तिने कायदे करणाऱ्यांना यंत्रणा समजावून सांगितली म्हणून.

२०११ साली अमेरिकी संसदेत सोपा आणि पिपा या नावांनी ओळखली जाणारी दोन विधेयके आली. परदेशातून चाचेगिरी करणारी संकेतस्थळे रोखणे हा त्यांचा उद्देश. मार्ग असा की न्यायालयाचा आदेश आला की इंटरनेट पुरवणाऱ्यांनी त्या संकेतस्थळाचे नाव आपल्या डीएनएस सर्व्हरवरून ओळखायचेच नाही. डीएनएस म्हणजे नावावरून यंत्राचा पत्ता सांगणारी यंत्रणा. ती खोटे उत्तर देऊ लागली तर मूळ यंत्र जागेवरच राहते, फक्त त्याकडे जाणारी पाटी पुसली जाते. ज्याला जायचेच आहे तो दुसऱ्याच, बहुधा कमी विश्वासार्ह, सर्व्हरकडे पत्ता विचारतो. त्याहून गंभीर गोष्ट अशी की डीएनएसची उत्तरे वाटेत कोणी बदललेली नाहीत याची स्वाक्षरीने खात्री करून देणारी सुरक्षा पद्धत त्याच वर्षांत लागू होत होती, आणि कायद्याने बदललेले उत्तर व हल्लेखोराने बदललेले उत्तर यांत यंत्राला फरक कळत नाही.

डिसेंबर २०११ मध्ये या संस्थेने ८३ अभियंत्यांचे आणि संशोधकांचे खुले पत्र प्रसिद्ध केले. स्वाक्षऱ्या करणाऱ्यांत व्हिंट सर्फ यांच्यासारखे, इंटरनेटचे मूळ नियम ज्यांनी लिहिले ते लोक होते. १८ जानेवारी २०१२ चा बंद सर्वांना आठवतो: इंग्रजी विकिपीडिया दिवसभर काळा झाला, दोन दिवसांत दोन्ही विधेयके बाजूला पडली. पण बंदाच्या आधीच सोपाच्या मुख्य पुरस्कर्त्याने डीएनएसचा भाग काढून टाकण्याची तयारी जाहीर केली होती, हे सहसा कोणी सांगत नाही. संख्येचा दबाव नंतर आला. तांत्रिक आक्षेपाला उत्तर नाही, हे त्याआधी मान्य झाले होते.

असे आक्षेप काल्पनिक नसतात. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानातील दूरसंचार कंपनीने सरकारी आदेशावरून देशापुरते यूट्यूब बंद करण्यासाठी चुकीचा मार्ग जाहीर केला, तो मार्ग वरच्या पुरवठादाराने पुढे पाठवला, आणि सुमारे दोन तास जगातील मोठ्या भागात यूट्यूब बंद पडले. एका देशाची बंदी त्या देशाच्या सीमेवर थांबेलच, याची हमी नेटवर्क देत नाही.

दुसरे काम याहून शांतपणे झाले. संकेतस्थळ आणि वाचक यांच्यातील संभाषण उघडे असेल, तर मधल्या कोणालाही नेमके एक पान निवडून अडवता येते. ते कूटबद्ध असेल तर मधल्याला संकेतस्थळाचे नाव दिसते, कोणते पान उघडले ते दिसत नाही. या संस्थेने २०१० मध्ये, वापरणाऱ्याची ओळख लपवणारे जाळे चालवणाऱ्या टॉर प्रकल्पाबरोबर, एचटीटीपीएस एव्हरीव्हेअर हे शक्य तिथे कूटबद्ध जोडणी वापरणारे ब्राउझरचे जोडसाधन काढले. मोझिला आणि मिशिगन विद्यापीठ यांच्यासह ती लेट्स एन्क्रिप्टच्या, म्हणजे कूटबद्ध जोडणीसाठी संकेतस्थळाला लागणारे प्रमाणपत्र देणाऱ्या सेवेच्या, उभारणीत होती. २०१५ च्या अखेरीस ही सेवा सर्वांसाठी खुली झाली आणि ज्या प्रमाणपत्रासाठी पूर्वी पैसे मोजावे लागत ते कोणालाही फुकट मिळू लागले. टॉरच्या विकासालाही २००४-०५ मध्ये याच संस्थेने पैसा पुरवला होता.

याची दुसरी बाजू सांगितली नाही तर चित्र अर्धे राहील. विकिपीडिया २०१५ मध्ये पूर्णपणे कूटबद्ध झाला. त्यापूर्वी तुर्कस्तानात त्यातील एखाद-दुसरा लेख अडवला जात असे. नंतर तो मार्ग बंद झाल्यावर २९ एप्रिल २०१७ रोजी तिथे सर्व भाषांतील विकिपीडिया एकदम बंद करण्यात आला. तेथील घटनात्मक न्यायालयाने ही बंदी हक्कांचे उल्लंघन ठरवल्यावर १५ जानेवारी २०२० रोजी तो पुन्हा सुरू झाला. कूटलेखनामुळे सेन्सॉरला ‘सगळे किंवा काहीच नाही’ असा निर्णय घ्यावा लागतो, आणि कधी कधी तो ‘सगळे’ असे म्हणतो. मला तरीही हाच मार्ग योग्य वाटतो, कारण एक लेख गुपचूप नाहीसा झाला तर न्यायालयात जायला कोणी उभेही राहत नाही. पण त्या पावणेतीन वर्षांची किंमत तुर्कस्तानातील वाचकांनी मोजली, हे विसरू नये.

दुसरी बाजू

टिपणकारांनी विरोधी मतही मागितले आहे, म्हणून लिहिते. या संस्थेच्या न्यायालयीन कामाबद्दल मला आदर आहे. परंतु माझ्या जवळच्या एका मैत्रिणीवर अनोळखी लोकांच्या टोळीने दीड वर्ष ऑनलाइन पाळत ठेवली. तिचा पत्ता, आईवडिलांचे दूरध्वनी, कामाचे ठिकाण हे सारे जाहीर केले. तिने लिहिणे सोडले. तिचा आवाज कोणत्याही सरकारी आदेशाने बंद केला नव्हता, तरीही तो बंद झाला. सेन्सॉरशिपची चर्चा सरकार आणि कंपनी यांच्यापुरतीच होते तेव्हा असे गप्प केले गेलेले लोक हिशेबात येत नाहीत.

किवी फार्म्स या फोरमचे उदाहरण घ्या. लोकांना निवडून त्यांचा संघटित छळ करण्यासाठी तो कुप्रसिद्ध आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये, संकेतस्थळांना हल्ल्यांपासून संरक्षण पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीने लोकांच्या जिवाला असलेल्या तातडीच्या धोक्याचे कारण देऊन त्याची सेवा थांबवली. पुढच्या वर्षी नेटवर्कचा कणा सांभाळणाऱ्या एका मोठ्या पुरवठादाराने त्याकडे जाणारी वाहतूक अडवली, तेव्हा इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने त्यावर जाहीर टीका केली. मजकूर घृणास्पद आहे हे तिने मान्य केले. पण इंटरनेट पुरवणाऱ्याने मजकुराचा निवाडा करू नये, ही भूमिका सोडली नाही. पोलीस दाद देत नाहीत आणि कायदा वर्षानुवर्षे चालतो, अशा वेळी ज्याच्या हातात खटका आहे त्यानेही तो दाबू नये, असे पीडितेला सांगायचे असेल, तर तिच्यासाठी दुसरा चालणारा मार्ग कोणता हेही सांगायला हवे. ती अर्धी बाजू मला या संस्थेच्या लेखनात पुरेशी जाणवत नाही.

कायदेवाचक

हा आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. त्या प्रकरणात संस्थेने छळाविरुद्धचे कायदे राबवण्याची मागणी केली होती हे खरे, पण ज्या स्त्रीचा पत्ता आज रात्री जाहीर झाला आहे तिला त्याचा उपयोग नाही, हेही खरे. माझी बाजू इतकीच की खटका कुठे आहे, याने फार फरक पडतो. एखाद्या फोरमच्या संपादकाने लेख काढला तर तो लेख दुसरीकडे छापता येतो. नेटवर्कच्या कण्याशी बसलेल्याने मार्ग तोडला तर त्याच्याकडे ना संपादक असतो, ना अपिलाची खिडकी, आणि उद्या तोच खटका दाबायला सांगणारा कोणी सत्ताधारी असेल. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस युक्रेनने रशियाची डोमेन नावे रद्द करण्याची विनंती केली तेव्हा नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅनने ती नाकारली, त्यामागे हीच काळजी होती. आक्रमकाला शिक्षा व्हावी असे वाटणाऱ्या अनेकांना, मलाही, तो नकार पचवायला जड गेला.

तस्करीविषयीच्या कायद्याचा उल्लेख प्रश्नात आहे, त्याबद्दल थोडक्यात. फोस्टा हा कायदा एप्रिल २०१८ मध्ये झाला आणि त्याने मध्यस्थ, म्हणजे इतरांचा मजकूर ठेवणाऱ्या, संकेतस्थळांवर नवी जबाबदारी टाकली. कायद्यावर स्वाक्षरी होण्याआधीच छोट्या जाहिरातींचे संकेतस्थळ असलेल्या क्रेगलिस्टने वैयक्तिक जाहिरातींचा पूर्ण विभाग बंद केला. संस्थेने काही वादींच्या वतीने या कायद्याला आव्हान दिले. २०२३ मध्ये अपील न्यायालयाने कायदा टिकवला, मात्र त्याचा अर्थ अरुंद केला. दरम्यान अमेरिकी संसदेच्याच लेखापाल कार्यालयाने २०२१ च्या अहवालात नोंदवले की तोवर या कायद्याच्या नव्या फौजदारी कलमाखाली फक्त एकच खटला भरला गेला होता. पीडितांना संरक्षण मिळाले असे त्यावरून म्हणता येत नाही, आणि बंद झालेली पाने परत आली नाहीत.

पर्यायी मार्ग कोणता, याचे एक उत्तर मार्च २०१५ मध्ये जाहीर झालेल्या मनिला तत्त्वांत आहे. जगभरातील संस्थांबरोबर या संस्थेनेही ती तयार करण्यात भाग घेतला. न्यायिक यंत्रणेच्या आदेशावाचून मध्यस्थाला मजकूर काढायला भाग पाडू नये, आदेश नेमका आणि गरजेपुरता असावा, ज्याचा मजकूर काढला त्याला कारण कळावे आणि दाद मागता यावी, असे त्यांचे म्हणणे आहे. न्यायालये वेगाने चालली तरच या तत्त्वांना अर्थ आहे, म्हणून वरील आक्षेप मी पूर्णपणे फेटाळू शकत नाही.

आणि विजयांचीच यादी टिपणात देऊ नका. २७ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टेक्सासचा वयपडताळणीचा कायदा ६ विरुद्ध ३ मतांनी वैध ठरवला. ज्या संकेतस्थळांवर एक तृतीयांशाहून अधिक मजकूर अल्पवयीनांसाठी अपायकारक मानला जातो, त्यांना प्रत्येक भेट देणाऱ्याचे वय तपासावे लागते. प्रौढांनी ओळखपत्र दाखवल्याशिवाय कायदेशीर मजकूर वाचू नये, असा हा बोजा आहे आणि जमा झालेली ओळखपत्रे चोरीला जाऊ शकतात, हा संस्थेचा युक्तिवाद बहुमताने स्वीकारला नाही. १९९७ चा निकाल आणि हा निकाल शेजारी ठेवून वाचलात तर तुमच्या अभ्यासगटाला चर्चेसाठी पुरेसा ऐवज मिळेल.

टिपणकार

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. टिपणाचा रोख मी आता बदलतो आहे: मजकूर चांगला की वाईट, याऐवजी तो काढण्याचा निर्णय कोणी, कोणत्या पद्धतीने आणि नेटवर्कच्या कोणत्या जागी घेतला, असा. ‘दुसरी बाजू’ यांचा आक्षेप मी त्यांच्याच शब्दांत मांडीन, त्यांची हरकत नसेल तर. आणखी एकच प्रश्न उरतो. हे सगळे न्यायालये चालतात अशा ठिकाणचे झाले. जिथे ती चालत नाहीत तिथे काय करतात, आणि तिथे सामान्य माणसाच्या हातून काही होण्यासारखे आहे का?

दुसरी बाजू

माझी हरकत नाही. मैत्रिणीबद्दलचा तपशील मात्र वगळावा.

तारजोडणी

अशा ठिकाणी पहिले काम नोंद ठेवण्याचे असते, कारण बंदी झालीच नाही, तांत्रिक बिघाड होता, असे सांगणे सर्वांत सोपे. टॉर प्रकल्पातून २०१२ मध्ये सुरू झालेली ओपन ऑब्झर्व्हेटरी ऑफ नेटवर्क इंटरफिअरन्स ही वेधशाळा नेमके हेच करते. स्वयंसेवक आपल्या फोनवर किंवा संगणकावर तिचे ॲप चालवतात. ते ठरावीक संकेतस्थळांना जोडून पाहते, डीएनएसचे उत्तर बदलले का, जोडणी मध्येच तोडली का, खोटे पान दाखवले का, हे तपासते आणि निकाल सर्वांसाठी खुले प्रसिद्ध करते. संपूर्ण इंटरनेट बंद करण्याविरुद्ध ॲक्सेस नाऊ ही संस्था २०१६ पासून कीप इट ऑन ही मोहीम चालवते. जानेवारी २०११ मध्ये इजिप्तने सुमारे पाच दिवस देशाचे इंटरनेट तोडले तेव्हा असे करता येते हेच अनेकांना प्रथम कळले होते.

दुसरे काम माणसांचे. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने ‘ऑफलाइन’ नावाने तुरुंगात टाकलेल्या ब्लॉगलेखकांची आणि तंत्रज्ञांची प्रकरणे जगापुढे ठेवली. त्यांत सीरियातील मुक्त सॉफ्टवेअरचे काम करणारे बासेल खरतबील होते. मार्च २०१२ मध्ये त्यांना पकडले, ऑक्टोबर २०१५ मध्ये त्यांचा ठावठिकाणा लागेनासा झाला, आणि त्याच सुमारास त्यांना मृत्युदंड दिला गेला होता हे ऑगस्ट २०१७ मध्ये कुटुंबाला कळले. मोहीम त्यांना वाचवू शकली नाही. त्यांचे नाव टिपणात यावे, अशी माझी विनंती आहे.

तुम्हाला स्वतः काही करायचे असेल तर या वेधशाळेचे ॲप चालवता येईल, पण गटातल्या सर्वांना सरसकट सांगू नका. तपासणीच्या यादीत वादग्रस्त संकेतस्थळे असतात, तुमचा फोन त्यांना जोडल्याची खूण पुरवठादाराकडे राहते, आणि काही देशांत तेवढ्यावरूनही चौकशी होऊ शकते. धोक्याची माहिती ॲपच सुरुवातीला देते. ती प्रत्येकाने स्वतः वाचावी, चाचण्यांचे कोणते प्रकार चालू ठेवायचे ते निवडावे, आणि कामाच्या ठिकाणच्या जोडणीवर ते विचारल्याशिवाय चालवू नये.